गावचे दूध आणि शीतकरण केंद्र

शहरातील सुशिक्षित कुटुंबात सकाळचे दूध दाराशी येते, ते तापविले जाते, आणि त्याविषयीचा विचार बहुधा तेथेच संपतो. दूध नासले, पातळ आले किंवा भाव चढला, तर घटकाभर चर्चा होते, इतकेच. परंतु ज्या गोठ्यात त्या दुधाची धार निघाली, तेथपासून शहरातील चुलीपर्यंतचा त्याचा प्रवास हा मोठा अवघड व्यवहार आहे. तो पार पाडण्यास यंत्रे लागतात हे खरेच. पण यंत्रांपूर्वी माणसांची संघटना लागते. परभणी जिल्ह्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात ही संघटना कशी उभी राहते आणि ती कोठे मोडते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण तेथील हजारो लहान शेतकऱ्यांच्या घरातील रोजचा रोख पैसा तिच्यावर अवलंबून असतो.

प्रथम दुधाचा स्वभाव पाहावा. जनावराच्या कासेतून दूध बाहेर येते तेव्हा ते शरीराइतकेच उष्ण, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस असते. त्यात हवेतून, भांड्यातून, हातांतून व सडांवरून जंतू शिरतात. ताज्या दुधात या जंतूंस काही काळ आवर घालणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. तथापि त्यांचा प्रभाव तास-दोन तासांपलीकडे फारसा टिकत नाही. त्यानंतर उबदार दुधात जंतूंची संख्या अर्ध्या-अर्ध्या तासाने दुप्पट होऊ शकते. म्हणजे चार तासांत आठ वेळा दुप्पट, अर्थात २५६ पट! एका मिलिलिटर दुधात प्रारंभी पन्नास हजार जंतू असतील, तर ही संख्या सव्वा कोटींच्या वर जाईल. हे जंतू दुधातील शर्करेचे आम्ल करतात, आणि असे दूध तापविताच फाटते. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेथे सकाळचे दूध दुपार पाहत नाही. तेच दूध लवकर ४ अंशांपर्यंत थंड केले, तर जंतूंची वाढ जवळजवळ खुंटते आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत सुखरूप राहते. मात्र थंड केल्याने जंतू मरत नाहीत व आंबू लागलेले दूध पुन्हा ताजे होत नाही. शीतकरणाचा सारा उपयोग ते वेळेवर होण्यात आहे.

आता या दुधाचा मालक कोण ते पाहू. परभणी, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा, पालम, गंगाखेड व सोनपेठ अशा नऊ तालुक्यांचा हा जिल्हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या जमिनीत वसलेला आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे व निम्न दुधना प्रकल्पाचे पाणी काही भागास मिळते. उरलेली शेती पावसावर. कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही तेथील मुख्य पिके. लहान शेतकऱ्याच्या दावणीला बैलांखेरीज एखादी लाल कंधारी किंवा देवणी गाय, नाहीतर एखादी मराठवाडी म्हैस असते. लाल कंधारी ही मुख्यतः बैलांसाठी नावाजलेली जात. एका वेतात तिचे दूध सरासरी सहाशे किलोंच्या आसपास. वासरू पाजून व घरची गरज भागवून अशा घरातून विकावयास निघते ते एका वेळेस दोन-चार लिटर. एवढे दूध घेऊन पंधरा-वीस किलोमीटरांवरच्या शहरात जावे, तर गाडीभाड्यातच दुधाचे पैसे संपतात. म्हणून ते दूध गावातील चहाच्या दुकानी तरी जाते, खवा करणाऱ्याच्या भट्टीवर तरी जाते, किंवा दारी येणाऱ्या गवळ्याच्या मापात पडते. माप त्याचे, भावही त्याचाच!

या कोंडीतून वाट काढण्याचा प्रसिद्ध धडा गुजरातमधील खेडा जिल्ह्याने घालून दिला. १९४५ साली मुंबई सरकारने शहरास दूध पुरविण्याची योजना आखली, आणि खेड्याकडून दूध आणण्याचे काम आणंद येथील पॉल्सन या खाजगी कंपनीकडे राहिले. मुंबईकरांस दूध मिळाले, कंपनीस नफा मिळाला. शेतकऱ्यांच्या भावात मात्र तितकी भर पडली नाही. सरदार वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने व मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत १९४६ च्या जानेवारीत सामरखा या गावी सभा झाली, आणि शेतकऱ्यांनी कंपनीस दूध घालण्याचे बंद केले. सुमारे पंधरा दिवस दूध रस्त्यावर ओतले गेले, पण ते कंपनीस मिळाले नाही. पुढे १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष. १९४८ च्या जूनमध्ये त्या संघाने प्रत्यक्ष काम सुरू केले, तेव्हा दोन गावांच्या संस्थांचे मिळून रोजचे दूध होते अवघे अडीचशे लिटर! १९४९ साली तेथे आलेले डॉ. व्हर्गीस कुरियन आणि त्यांचे सहकारी ह. म. दलाया यांनी पुढे १९५५ साली म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचे यंत्र चालवून दाखविले. या साऱ्या यशाच्या मुळाशी एकच सूत्र होते. दूध गोळा करणे, त्यावर प्रक्रिया करणे आणि ते विकणे या तिन्ही पायऱ्या दूध काढणाऱ्यांच्याच मालकीच्या असाव्यात, म्हणजे शहरातील ग्राहकाच्या रुपयाचा मोठा वाटा गोठ्यापर्यंत पोहोचेल.

खेड्यास जी अनुकूलता होती ती मराठवाड्यास नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. खेडा मुंबईच्या लोहमार्गावर होते. परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या संस्थानात होते आणि १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले. मुंबईपासूनचे त्याचे रेल्वेचे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. त्यातही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मनमाडला रुळांची रुंदी बदलत असल्यामुळे माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. १९६० नंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी दूध संघ जोमाने वाढले. कोल्हापूरचा जिल्हा संघ, ज्यास लोक ‘गोकुळ’ म्हणून ओळखतात, तो १९६३ चा. मराठवाड्यात मात्र भार मुख्यतः राज्य शासनाच्या दूध योजनेवर राहिला. परभणीस शासकीय दुग्धशाळा झाली, उदगीर येथे दूध भुकटीचा शासकीय कारखाना उभा राहिला आणि काही काळाने तो बंद पडला. सरकारने यंत्रे आणली व भाव ठरविला. परंतु यंत्र आपले आहे ही भावना शेतकऱ्याच्या मनात रुजविणे सरकारी खात्यास सहसा साधत नाही. या दोन इतिहासांतील भेद ध्यानी घेतला, म्हणजे पुढचे विवेचन सुलभ होईल.

शीतकरण केंद्रासाठी गावे बांधावयाची तर आरंभ कोठून करावा? अननुभवी माणूस यंत्रापासून आरंभ करतो. जाणता माणूस रस्त्यापासून करतो. प्रथम केंद्राच्या भोवतालच्या वाटा पाहावयाच्या. दूध निघाल्यापासून केंद्रावर पोहोचेपर्यंत तीन तासांहून अधिक वेळ लागू नये, असा दंडक ठेवला, म्हणजे कोणती गावे घेता येतात हे आपोआप ठरते. मग गावोगाव दुभत्या जनावरांची मोजणी: किती दूध देतात, किती गाभण, किती भाकड, घरी किती लागते, उरलेले कोठे जाते. या मोजणीतून विक्रीस निघणाऱ्या दुधाचा अंदाज येतो. त्यानंतर गावसभा, सभासदांची नोंदणी, भागभांडवल, कार्यकारी मंडळाची निवड आणि एका सचिवाची नेमणूक. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमान्वये होते. एका सभासदास एकच मत, मग त्याच्या दावणीला एक म्हैस असो की दहा, हा या व्यवस्थेचा पाया होय.

यानंतर येते ती दुधाची पारख, आणि संस्थेचे जीवित बहुतांशी हिच्यावरच अवलंबून असते. दूध केवळ मापाने घेतले, तर पाणी घालणारास फायदा होतो व प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो. म्हणून दुधाची किंमत त्यातील स्निग्धांश, ज्यास गावात सर्रास ‘फॅट’ म्हणतात, आणि स्निग्धेतर घनपदार्थ यांवर ठरवितात. स्निग्धांश काढण्याची जुनी व खात्रीची रीत निकलाउस गेर्बर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. काचेच्या विशिष्ट नळीत १० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून ती नळी फिरत्या यंत्रात चार-पाच मिनिटे गरगर फिरविली, की आम्लाने इतर द्रव्ये विरघळतात आणि स्निग्धांश वर येऊन नळीवरील खुणांवर त्याचे प्रमाण वाचता येते. आता बहुतेक गावांत विजेवर चालणारे विश्लेषक यंत्र हेच काम क्षणात करते आणि छापील पावती देते.

या रीतीचा न्याय साध्या हिशेबाने पटतो. पाच लिटर म्हशीच्या दुधात ६ टक्के स्निग्धांश आहे असे समजू. पाच गुणिले सहा म्हणजे तीस भाग झाले. कोणी त्यात लिटरभर पाणी घातले, तर दूध सहा लिटर होईल, पण स्निग्धांश पाच टक्क्यांवर येईल. सहा गुणिले पाच म्हणजे पुन्हा तीसच! भेसळ करणाराच्या पदरी काही पडत नाही. मात्र हा न्याय नळी वाचणाराच्या प्रामाणिकपणाइतकाच खरा असतो. सचिवाने रोज दशांश टक्का कमी वाचला, तर शेतकऱ्यास तो दिसत नाही. संशय मात्र येतो, आणि संशय आलेला माणूस भांडत नाही, तो मुकाट्याने दूध दुसरीकडे नेतो. म्हणून परीक्षा सभासदासमोर व्हावी, पावती हातोहात मिळावी, आणि संघाच्या माणसाने अकस्मात येऊन यंत्र तपासावे, हे तीन नियम दुधाच्या शुद्धतेइतकेच महत्त्वाचे आहेत.

गावात गोळा झालेले दूध कॅनमधून टेम्पोने केंद्रावर येते. तेथे प्रत्येक कॅन उघडून वास घेतला जातो; शंका आल्यास थोडे दूध उकळून किंवा अल्कोहोल मिसळून ते फाटते की काय हे पाहतात. ही दक्षता अनाठायी नव्हे, कारण एका आंबट कॅनने सबंध टाकी बिघडू शकते. म्हणजे एका घरची अस्वच्छ चरवी शंभर घरांच्या श्रमावर पाणी फिरवू शकते. स्वीकारलेले दूध पातळ पोलादी पत्र्यांच्या चळतीमधून जाते. पत्र्याच्या एका बाजूने दूध, दुसऱ्या बाजूने बर्फासारखे गार पाणी. क्षणार्धात दूध ४ अंशांवर येते व उष्णतारोधक टाकीत साठते. हे पाणी गार ठेवण्याचे काम अमोनिया वायूवर चालणारी शीतयंत्रे करतात. अलीकडे गावातच बसणारी लहान शीतटाकी, जिला ‘बल्क कूलर’ म्हणतात, ती आल्याने धार आणि थंडावा यांमधील वेळ फार कमी झाला आहे. परंतु तिला वीज लागते; आणि खेड्यात वीज जाते तेव्हा जनित्राच्या डिझेलचा खर्चही दुधावरच पडतो.

येथे अर्थशास्त्राचा मुख्य मुद्दा येतो. समजा, एका मार्गावरील टेम्पोचा दिवसाचा खर्च १६०० रुपये आहे. त्याने ८०० लिटर दूध आणले तर लिटरमागे दोन रुपये पडतात. ४०० लिटर आणले तर चार. तसेच केंद्राची वीज, पगार, दुरुस्ती यांचा दिवसाचा खर्च २० हजार धरला, तर दहा हजार लिटरवर तो लिटरमागे दोन रुपये होतो, चार हजार लिटरवर पाच. म्हणजे भरल्या केंद्राचा एकूण खर्च लिटरमागे चार रुपये आणि रिकाम्या केंद्राचा नऊ. हे पाच रुपये अखेर शेतकऱ्याच्या भावातूनच जातात. भाव उतरला की काही सभासद दूध अन्यत्र नेतात, दूध घटल्याने खर्च आणखी चढतो आणि भाव आणखी उतरतो. अनेक संस्था या उतरणीवरून घसरत गेल्या आहेत. म्हणूनच सभासदाने आपले सर्व दूध बाराही महिने संस्थेसच घालणे, याला सहकारात इतके महत्त्व आहे.

परंतु निष्ठेचा उपदेश करून निष्ठा येत नाही. परभणीच्या शेतकऱ्यास दुधाचे मोल कशासाठी? कापूस किंवा सोयाबीन यांचा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि पावसाने दगा दिला तर तोही येत नाही. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येतो. त्यातून किराणा, मुलांची वह्या-पुस्तके, औषधपाणी भागते, आणि सावकाराच्या दारी जाण्याची वेळ टळते. हा दहा दिवसांचा पगार पंचवीस दिवसांवर गेला, की दुधाचे सारे महत्त्व नाहीसे होते. खाजगी व्यापारी हे ओळखून असतो. तो भाव कमी देईल, पण म्हैस विकत घेण्यास किंवा लेकीच्या लग्नास उचल देईल. आणि ती फिटेपर्यंत दूध त्याचेच. संस्थेने यास तोड द्यावयाची तर वेळेवर पैसे, अडचणीत कर्जाची सोय, उधारीवर पेंड आणि वर्षाअखेर नफ्यातील वाटा, हे चारही द्यावे लागतात.

ऋतूंचा फेराही ध्यानात घ्यावा लागतो. म्हशी बहुतेक पावसाळ्यात व त्यानंतर वितात. म्हणून हिवाळ्यात दुधाचा पूर येतो आणि उन्हाळ्यात ओढ लागते. दुग्धव्यवसायात यांस पुष्टकाळ व कृशकाळ म्हणतात. पूर्वी पुष्टकाळात दूध अधिक झाले की शासकीय योजना कधी कधी एखादा दिवस दूध घेणेच बंद ठेवीत. यास ‘दूध सुट्टी’ असे नाव पडले होते. कारखान्यास सुट्टी देता येते, म्हशीला देता येत नाही. त्या दिवशीचे दूध शेतकऱ्याने काय करावे? असे दोन-तीन प्रसंग आले, की पुढल्या उन्हाळ्यात तो केंद्राकडे पाहत नाही. यावर उपाय दोन: जादा दुधाची भुकटी व लोणी करून ते कृशकाळासाठी राखणे, आणि एका प्रदेशातील जादा दूध दुसऱ्या प्रदेशात पोहोचविणे. १९७० ते १९९६ या काळात देशभर राबविलेल्या ‘दूध महापूर’ योजनेने हे दोन्ही मोठ्या प्रमाणावर करून दाखविले.

दूध वाढवावयाचे तर चारा पाहिजे. मराठवाड्याचा पारंपरिक चारा म्हणजे ज्वारीचा कडबा. सोयाबीन पसरले तसा ज्वारीचा पेरा आटला, आणि सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा भरून काढू शकत नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी ज्योती’, ‘परभणी मोती’ यांसारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले, त्यांचे महत्त्व धान्याबरोबर कडब्यासाठीही आहे. देवणी गायीचा होल्स्टीन फ्रिजियन वळूशी संकर करून ‘होलदेव’ ही संकरित गायही याच विद्यापीठात निपजली. संकरित गाय दूध अधिक देते. पण तिला पाणी, सावली, हिरवा चारा व औषधोपचार अधिक लागतात. दुष्काळी वर्षी लाल कंधारी तग धरते, तेथे संकरित गाय खंगते. म्हणून ज्याच्या विहिरीस पाणी नाही, त्यास कर्ज काढून मोठी गाय घ्यावयास लावणे हा उपकार नव्हे. त्याच्यासाठी आहे त्याच जनावराची निगा, वेळेवर लसीकरण, मुरघास आणि दोन वेतांतील अंतर कमी करणे, हा मार्ग अधिक सुरक्षित होय.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. पहाटे उठून शेण काढणे, वैरण टाकणे, धार काढणे, भांडी घासणे, ही कामे बहुतेक घरांतून बायकाच करतात. संस्थेच्या वहीत नाव मात्र पुरुषाचे, आणि पैसाही त्याच्याच हाती. जेथे सभासदत्व व बँकेतील खाते बाईच्या नावे होते, तेथे दुधाचा पैसा घरखर्चास व मुलांच्या शिक्षणास लागण्याची खात्री वाढते. आणि भांड्यांची स्वच्छता जिच्या हाती आहे, तिच्याशीच केंद्रास सरळ बोलता येते.

१९९२ नंतर दुग्धव्यवसाय खाजगी उद्योगास बराचसा खुला झाला, आणि महाराष्ट्रात आज खाजगी डेअऱ्यांचा वाटा मोठा आहे. मराठवाड्यासाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प २०१६ च्या सुमारास काही जिल्ह्यांत सुरू झाला. २०२४ साली राज्य शासनाने त्याचा दुसरा टप्पा दोन्ही विभागांतील सर्व १९ जिल्ह्यांसाठी मान्य केला, त्यात परभणीचा समावेश होतो. जनावरांचे वाटप, चारा व पशुवैद्यकीय सेवा यांस अशा योजनेने गती मिळू शकेल. परंतु वाटलेली गाय दोन वर्षांनी गोठ्यात राहील की बाजारात जाईल, हे गावात विश्वासाची संस्था आहे की नाही, यावरच ठरेल.

तात्पर्य, शीतकरण केंद्राची इमारत वर्षभरात उभी राहते. ती भरून ठेवणारी गावे बांधण्यास अनेक वर्षे लागतात. रोज दोनदा खरे माप, सभासदासमोर खरी परीक्षा, दहाव्या दिवशी पैसे आणि पुष्टकाळातही उघडे दार, एवढ्या चार गोष्टी अखंड पाळल्या तर दोन लिटर दूध घालणारे घरही टिकते. शहरातील ग्राहकाचाही यात भाग आहे. स्वस्त दुधाचा आग्रह धरताना त्या रुपयातील किती पैसे गोठ्यापर्यंत जातात, ही चौकशी त्याने केली पाहिजे. कारण परभणीच्या गोठ्यात दावण रिकामी झाली, तर काही काळाने शहरातील दुधाचे पातेलेही भरणार नाही.